जुन्या गाडीचा कार्बोरेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत आमच्या घरी वडिलांची चेतक स्कूटर अजून रोज चालते. शेजाऱ्यांकडे बुलेट आहे, राजेंद्रनगरात मेहुण्यांकडे मारुती ८०० आहे. या तिन्ही गाड्यांचे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करून इंजिनाला देणारे भाग, मी इतक्या वेळा खोलले आहेत की रविवारी सकाळी पोहे-जिलबी होते न होते तोच कुणीतरी गाडी ढकलत दारात येतं. विचारणं बहुतेक तेच असतं, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

गाडी नीट चालत नाही. दोष कार्बोरेटरचाच आहे हे कशावरून ओळखायचं?

सुरुवातीला तो कार्बोरेटरचा नाही असंच धरून चाला. माझ्याकडे "कार्बोरेटर गेलाय" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क) जळालेले होते, प्लगची कॅप सैल होती, नाहीतर एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने बुजला होता. माळव्यातली ही धूळ उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते आणि फिल्टरमध्ये बसली की इंजिनाला हवा पुरत नाही. मग प्लग काळा, ॲव्हरेज कमी, आणि आळ कार्बोरेटरवर. बुलेटवर पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे का ते फीलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी, पाहा. टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोकही तपासा. ते बंद असेल तर गाडी दोनतीन किलोमीटर छान चालते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते. झाकण उघडलं की "फुस्स" आवाज येतो आणि ती पुन्हा चालू होते.

एवढं सगळं ठीक निघालं तर चोकची परीक्षा घ्या; चोक म्हणजे थंड गाडी सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवणारी कळ. इंजिन गरम असताना चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी मिळतंय किंवा कुठूनतरी फालतू हवा आत शिरतेय. आणखी बिघडली, घुसमटली, तर पेट्रोल आधीच जास्त येतंय. अर्ध्या मिनिटाच्या या परीक्षेने निम्मा तपास होतो. ती केल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

प्लगच्या रंगावरून काय कळतं?

विटकरी किंवा कॉफीसारखा रंग म्हणजे मिश्रण ठीक. मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक आणि कोरडा म्हणजे पेट्रोल कमी, आणि ते जास्त धोक्याचं. काळा पण तेलकट प्लग निघाला तर चार-स्ट्रोकमध्ये बहुतेक पिस्टनच्या रिंगांचं किंवा व्हॉल्व्हचं दुखणं असतं. तिथे कार्बोरेटर कितीही बदला, उपयोग नाही.

नेमका कुठला भाग झिजलाय हे न खोलता सांगता येतं?

बऱ्याच अंशी येतं, आणि सगळ्यांनी शिकावी अशी हीच गोष्ट आहे. कार्बोरेटर म्हणजे एक यंत्र नव्हे, तीनचार छोटी यंत्रं एका डब्यात घातलेली आहेत. रेस किती दिली आहे, म्हणजे मूठ किती फिरवली आहे, त्यावर त्यातलं कुणी ना कुणी काम करत असतं.

हँडलच्या मुठीवर आणि तिच्या बाजूच्या न फिरणाऱ्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावा. मुठीचा पूर्ण फेर मोजून पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करा. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा, आमच्याकडे रिंग रोड सकाळी सहाला रिकामा असतो. कुठल्या खुणेवर गाडी अडखळते ते लक्षात ठेवा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, आणि स्लाइड म्हणजे रेस दिली की वर सरकून हवेची वाट उघडणारा भाग. बुलेटसारख्या गोल स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये मूठ बंद ते साधारण एक अष्टमांश उघडी असेपर्यंत पायलट जेटचं राज्य. त्यापुढे पाव खुणेपर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण या मोठ्या पट्ट्यात सुई आणि सुईचं जेट, आणि पाऊणच्या वर मेन जेट. सीमारेषा इतक्या काटेकोर नाहीत, एकाचा अंमल दुसऱ्यात मिसळतो, पण पत्ता बरोबर लागतो.

म्हणजे स्लोवर (रेस न देता) बंद पडणारी गाडी रिंग रोडवर मस्त पळत असेल तर मेन जेट बदलून काही होणार नाही. आणि अर्ध्या रेसवर गाडी घुमत असेल, काळा धूर सोडत असेल, तर हवेचा स्क्रू दिवसभर फिरवला तरी फरक पडणार नाही. दुकानात मात्र बहुतेक वेळा पहिला हात त्या स्क्रूवरच पडतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बरोबर बसलेली ती एकच गोष्टही मग बिघडते.

कार्बोरेटर ओव्हर होतो, खालच्या नळीतून पेट्रोल टपकतं. काय झिजलं असेल?

फ्लोटची पिन, म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी छोटी सुई. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की ही पिन आपल्या सीटमध्ये जाऊन बसते. वर्षानुवर्षं त्याच जागी बसून तिच्या टोकावर गोल खाच पडते. भिंग लावून पाहा: टोक गुळगुळीत शंकूसारखं हवं. नखाला कडा जाणवली तर पिन संपली. टोक रबराचं असेल तर ते कडक होऊन चकचकीत दिसतं.

पिन बदलण्याआधी एकदा नुसती साफसफाई करून पाहा, कारण टाकीतल्या गंजाचा एक कण सीटमध्ये अडकला तरी लक्षण हेच असतं. मेकॅनिक "भिया, कचरा फँसा है" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण तोच कचरा पंधरा दिवसांनी परत फसला तर टाकी धुवा आणि टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकच्या जाळीकडे पाहा. चेतकमध्ये कार्बोरेटरवर जिथे पेट्रोलची नळी येते तिथेही एक बारीक जाळी असते, ती बरेच जण विसरतात.

नवी पिन बसवल्यावर परीक्षा अशी: फ्लोटसकट तो भाग उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने पिन बंद होईल, आणि पेट्रोलच्या वाटेला स्वच्छ रबरी नळी लावून हलकं फुंका. हवा अजिबात जायला नको. गेली तर सीटही झिजलेली आहे. ती स्क्रूची असेल तर पिनेबरोबर बदला. कार्बोरेटरच्या अंगातच दाबून बसवलेली असेल तर खोडरबराच्या टोकाने हलकी पुसून पाहा. खरवडू नका.

फ्लोट कानाशी धरून हलवायला विसरू नका. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. पितळी फ्लोट कोमट पाण्यात बुडवला की जिथून बुडबुडे येतील तिथे छिद्र. डाग देता येतो, पण डागाचं वजन वाढतं आणि पेट्रोलची पातळी वर जाते. म्हणून मी डाग देतो तो प्रवासातली अडचण भागवायला, घरी आल्यावर फ्लोट नवाच.

रात्रभर पेट्रोल गळलं आणि आता इंजिन ऑइललाच पेट्रोलचा वास येतोय. चालवू का?

नाही. किकसुद्धा मारू नका. चार-स्ट्रोक गाडीत ते पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगना संरक्षण उरत नाही. आधी पिन दुरुस्त करा, मग ऑइल बदला, मग गाडी सुरू करा. आणि गाडी लावली की कॉक बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

ॲव्हरेज हळूहळू कमी होत गेलं. गळती कुठेच नाही. मग पेट्रोल जातं कुठे?

बुलेट, राजदूत, जुनी हिरो होंडा अशा सुईवाल्या कार्बोरेटरमध्ये मला पहिला संशय सुईचा येतो. ही निमुळती सुई स्लाइडबरोबर वर-खाली होते आणि सुईच्या जेटमध्ये सतत घासत राहते. इंजिनाच्या थरथराटाने ती एकाच बाजूला जास्त घासते. गोल भोक लंबगोल होतं, सुईवर एका बाजूला चमकदार पट्टा दिसतो. ही झीज केसाएवढीही नसते, पण पेट्रोल सुईभोवतीच्या ज्या कडीसारख्या फटीतून जातं ती फटच मुळात तेवढी बारीक असते. म्हणून ॲव्हरेज एकदम पडत नाही, महिन्यामहिन्याने ओसरतं, आणि मालकाला वाटतं आता गाडीचं वय झालं.

पुष्कळ जण सुईची क्लिप एक खाच वर सरकवतात. सुई खाली जाते, मिश्रण पातळ होतं, धूर कमी होतो. थोडे दिवस बरं वाटतं, पण लंबगोल भोक लंबगोलच राहतं आणि वेगवेगळ्या रेसवर मिश्रण वेगवेगळं चुकत जातं. खरा उपाय सुई आणि सुईचं जेट दोन्ही जोडीने बदलण्याचा. जुन्या जेटमध्ये नवी सुई घालणं म्हणजे झिजलेल्या उंबऱ्यावर नवं दार बसवणं. नवी बसवताना क्लिप वरून कितव्या खाचेत होती ते काढण्याआधीच वहीत लिहा.

स्लाइडही पाहा. ती बोटांनी हलवल्यावर खूप खडखडत असेल तर तिच्या बाजूंनी हवा निसटते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. नवी स्लाइड जुन्या अंगात घट्ट बसली तर ठीक. तीही खडखडली तर झीज अंगातच आहे आणि तिथे मात्र नवा कार्बोरेटरच घ्यावा लागतो.

माझ्या चेतकच्या कार्बोरेटरमध्ये सुई सापडतच नाही.

सापडणार नाही. त्या स्पाको कार्बोरेटरमध्ये चपटी स्लाइड असते आणि सुई नसते. तिथे एकावर एक बसलेला तीन तुकड्यांचा खांब आहे: वर हवेचं जेट, मध्ये भोकंभोकं असलेली नळी, खाली मेन जेट. झिजण्यासारखं त्यात फारसं नाही. चेतकचं दुखणं वेगळं, ते पुढच्या उत्तरात.

स्लो चढलेलीच राहते, रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही. हे किती गंभीर आहे?

दोन-स्ट्रोक गाडीत फार गंभीर आहे, आणि हे मी अनुभवाने सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी चेतकचा कार्बोरेटर साफ करून मी परत बसवला. त्याला दोन लांब बोल्ट असतात. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं अशा समजुतीने मी ते पूर्ण जोर लावून आवळले. पुढचा आठवडाभर स्लो थोडी चढलेली होती, चौकात रेस सोडली तरी इंजिन क्षणभर गुणगुणत राहायचं. मी स्लोचा स्क्रू सैल करून समाधान मानलं. त्या रविवारी आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो. परत येताना बडवाह सोडून भेरूघाट चढू लागलो आणि निम्म्या चढावर मागचं चाक एकदम जागीच अडकल्यासारखं झालं. हात आपसूक क्लचवर गेला म्हणून दोघंही पडलो नाही. पिस्टन सिलिंडरला धरला होता.

कारण घरी येऊन कळलं. जास्त आवळल्याने कार्बोरेटरचं मऊ धातूचं अंग वाकलं होतं आणि खालच्या पॅकिंगच्या फटीतून हवा शिरत होती. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, चेतकला लिटरमागे २० मिलिलिटर. फालतू हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे उष्णता वाढते. नेमकं तेव्हाच प्रत्येक फेरीला मिळणारं ऑइलही कमी पडतं. चढावर, भर उन्हात, दोन माणसांच्या वजनाखाली इंजिन किती सहन करणार? चढलेली स्लो म्हणजे त्या गाडीने आठवडाभर आधी दिलेली सूचना होती. म्हणून दोन-स्ट्रोकचं हे लक्षण दिसलं की मी समोरच्याला ती गाडी परत चालवत नेऊ देत नाही.

ही हवेची गळती शोधायची कशी आणि बुजवायची कशी?

इंजिन थोडं गरम करून स्लोवर ठेवा. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या जोडावर, रबरी मॅनिफोल्डच्या (या दोघांना जोडणाऱ्या नळीच्या) घड्यांमध्ये, साबणाच्या पाण्याचे थोडे थोडे थेंब सोडा. पाणी आत खेचलं गेलं आणि इंजिनाचा सूर बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनरचा फवारा जास्त स्पष्ट दाखवतो, पण तो पेटतो, म्हणून गरम सायलेन्सरजवळ मी तो वापरत नाही.

रबरी मॅनिफोल्ड असेल तर तो काढून वाकवून पाहा. वरून चांगला दिसतो, वाकवला की आतल्या भेगा उघडतात. त्याला सोल्युशन, एम-सील असलं काही लावू नका, नवाच टाका.

धातूचा जोड असेल तर तो सपाट आहे का ते पाहायचं. जाड आरशाचा तुकडा टेबलावर ठेवा, त्यावर कार्बोरेटरची ती बाजू टेकवा आणि टोकांवर आळीपाळीने बोट दाबा. डुगडुगली तर वाकलेली आहे. थोडीच वाकलेली असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर आरशावर पसरून, थोडं तेल टाकून, इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने घासा. सगळीकडे सारखी फिकट झळाळी आली की थांबा. मग प्रत्येक भोक रॉकेलने धुऊन हवा मारा, कारण त्या कागदाचा एक कणसुद्धा पायलटची वाट बंद करतो. पॅकिंग नवं, ओ-रिंग नवी, आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याच्या नाही. चेतकमध्ये आवळून झाल्यावर स्लाइड हाताने वर-खाली करा. ती अडकत असेल तर तुम्ही अजूनही जास्तच आवळताय.

मारुती ८०० किंवा पद्मिनीच्या कार्बोरेटरचं काय?

एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा, येण्याआधीच्या या गाड्यांत स्लाइडऐवजी फिरणारी पाकळी असते, आणि झिजतो तो पाकळीचा दांडा. तो धरून बाजूंना हलवा. टकटक जाणवली तर भोक मोठं झालेलं आहे आणि तिथून हवा जातेय. चांगल्या लेथवाल्याकडे रीमर मारून पितळी बुश बसवून घेता येतं. हे काम नेटकं झालं तर कार्बोरेटर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे असा कारागीर सापडला तर त्याला जपा. पाकळीचे दोन छोटे स्क्रू मागून ठोकून पक्के केलेले असतात. परत बसवताना तसेच पक्के करायला हवेत, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो.

पॅडल दाबताच गाडी क्षणभर गचका खाऊन मग उचलत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा पाहा. इंजिन बंद ठेवून, फिल्टर काढून वरून आत बघा आणि लिव्हर ओढा. पेट्रोलची सरळ धार दिसायला हवी. पडदा उजेडासमोर ताणून धरला की टाचणीएवढी भोकं दिसतात.

जेट तारेने साफ केलं तर चालतं का?

नाही. जेट पितळेचं, तार पोलादाची. चेतकच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत: १०८ म्हणजे १.०८ मिलिमीटर. दोनतीनदा तार फिरवली की नंबर तोच राहतो, भोक मात्र दुसरंच होतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, फारच बुजलं असेल तर मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याने मोकळं करा. फवारा मारताना चष्मा घाला, तो दुसऱ्या भोकातून उलट डोळ्यांत येतो.

दुरुस्तीचं किट घेऊ की नवा कार्बोरेटर?

अंग शाबूत असेल तर किट. छोटी ग्वालटोली आणि सियागंजच्या बाजूला दोन्ही मिळतं, पण किटमधलं सगळं डोळे झाकून घालू नका. पॅकिंग, ओ-रिंग, फ्लोटची पिन नव्या घ्या. मूळ कंपनीची जेट मात्र कुणी तार घातलेली नसतील तर तीच ठेवा, जेट सहसा झिजत नाहीत आणि नकली किटमधली अनेकदा नंबराप्रमाणे नसतात. जुने भाग निदान महिनाभर डबीत जपून ठेवा.

नव्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुना कार्बोरेटर खराब होतो का?

धातू लगेच नाही, रबर लवकर. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि आता जवळजवळ सगळीकडे तेच मिळतं. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. नळ्या फुगतात, ओ-रिंग मऊ होऊन मग तडकतात. बदलताना व्हिटॉन नावाच्या रबराच्या मागा, त्या टिकतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट-हिरवट थर सापडतो. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालवा.

या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं आणि ॲव्हरेजही थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. तेव्हा पूर्वीच्या आकड्याशी तुलना करून चांगला कार्बोरेटर खोलू नका.

मिश्रणाचा स्क्रू किती फेरे उघडायचा?

हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा आणि तिथून सुरुवात करा. मात्र दिशा ओळखा. बुलेटच्या कार्बोरेटरवर तो हवेचा स्क्रू आहे, आत नेला की पेट्रोल वाढतं. चेतकवर उलट, बाहेर काढला की वाढतं. दहा मिनिटं गाडी चालवून, फिल्टर बसवलेला असताना, इंजिन जिथे सर्वांत वेगाने आणि एकसारखं चालेल तिथे स्क्रू थांबवा, मग स्लो खाली आणा. पाऊण फेऱ्यापेक्षा कमी किंवा अडीचपेक्षा जास्त लागत असेल तर पायलट जेट किंवा हवेची गळती पाहा. डिसेंबरच्या थंड सकाळी हे काम करू नका. थंड इंजिनावर लावलेलं मिश्रण दुपारी जास्त होतं.

पीयूसीत गाडी नापास झाली.

३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतर बनलेल्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के. ही तपासणी स्लोवर होते, म्हणून नापास गाडीत फिल्टर, पायलट आणि चोक नीट बंद होतो का एवढंच आधी पाहा. चोकच्या प्लंजरचं रबर कापलं गेलं असेल तर चोक कायम थोडा उघडाच राहतो.

दुरुस्तीनंतर काम जमलं हे कसं ठरवायचं?

मी चेतक भेरूघाटात नेतो. चढावर पूर्ण रेस देऊन मिनिटभर चालवतो, मग रेस तशीच ठेवून एकाच वेळी इंजिन बंद करतो, क्लच दाबतो आणि कडेला थांबतो. हा प्रयोग रस्ता मोकळा असेल तेव्हाच करायचा. प्लग हातात घेण्याइतका निवेपर्यंत माकडं पाहत बसतो. त्याच्या चिनी मातीवर विटकरी रंग दिसला की पाना डिकीत ठेवतो, प्लग परत बसवतो आणि सिमरोलला चहा घेऊन घरी येतो.